दातांकडून गुडघ्याकडे

परवा ताईचा फोन आला होता. तिकडे लेस्टरला पाऊस, इकडे साताऱ्याला पाऊस, म्हणजे हवामानाचा विषय दोन मिनिटांत संपला. मग गाडी नेहमीप्रमाणे गुडघ्यांवर आली. ताईच्या दोन्ही गुडघ्यांची अर्धी अर्धी ऑपरेशनं झाली आहेत. अर्धी म्हणजे सगळा सांधा न बदलता फक्त आतल्या बाजूचा झिजलेला भाग बदलायचा आणि बाकीचा देवाने दिलेला तसाच ठेवायचा. पार्शल नी रिप्लेसमेंट. उजवा २०१२ साली झाला, डावा २०२२ साली. मधल्या दहा वर्षांत एका रेघेवरून आमच्या घरात जे रामायण झालं, त्यामुळे मी ह्या विषयाच्या मागे लागलो. भाची म्हणते, "मामा, तू हे सगळं प्रत्येकाला फोनवर सांगतोस, त्यापेक्षा एकदा लिहून टाक." तर हे लिहून टाकतोय. दाजींनी पहिला परिच्छेद वाचून सोडून दिलं तरी चालेल, त्यांनी हे चार वेळा ऐकलंय.

आधी ती रेघ.

२०१८ च्या जानेवारीत ताई लग्नासाठी पुण्याला आली होती. उजवा गुडघा, म्हणजे ऑपरेशन झालेला, दुखायला लागला. चालताना, जिना चढताना, आतल्या बाजूला. एका डॉक्टरांकडे नेलं, एक्स-रे काढला. नडगीच्या हाडावर बसवलेली धातूची पट्टी आणि हाड यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ दिसत होती. डॉक्टर म्हणाले, सिमेंट सुटलंय, पट्टी सैल झालीय, हे काढून आता पूर्ण गुडघा बसवावा लागेल. आणि इथेच करा, बसायला-उठायला माणसं आहेत.

मी सिव्हिल इंजिनिअर. पाटबंधारे खात्यात सगळा जन्म सिमेंटात गेला. ती फिल्म मी खिडकीच्या उजेडात धरली आणि डॉक्टरांपेक्षा जास्त खात्रीने म्हणालो, "बाँड गेलाय ताई. जुन्या काँक्रीटवर टाचे न मारता गिलावा केला की असंच होतं." परतीचं तिकीट पुढे ढकलायला लावलं, हॉस्पिटलात आगाऊ पैसेसुद्धा भरून आलो. ताई रात्रभर झोपली नाही. सकाळी म्हणाली, "अरे, मी माझ्या डॉक्टरला विचारते आधी. त्याने बसवलाय, त्याला माहीत असेल." मी चिडलो. ती गेली. पुढे काय झालं ते ओघात येईलच.

आता इतिहास. ह्याची सुरुवात हस्तिदंताने होते! बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक नावाचा सर्जन होता. १८९० साली त्याने एका सतरा वर्षांच्या मुलीच्या क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंताचा कृत्रिम सांधा बसवला. तो हाडात पक्का राहावा म्हणून त्याने राळ, प्यूमिस दगडाची पूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिस यांचं मिश्रण वापरलं. म्हणजे हाडासाठीचं पहिलं सिमेंट हे जवळजवळ सुताराच्या आणि गवंड्याच्या सामानातलंच होतं. त्याने असे बरेच सांधे बसवले. पण क्षयाचा जंतूसंसर्ग आतच होता, त्यामुळे ते टिकले नाहीत. फोन बर्गमनसारख्या बड्या सर्जनचा विरोध झाला आणि ग्लुकचं काम बाजूला पडलं. मला मात्र त्याचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. सांधा बनवणं हा अर्धाच प्रश्न आहे, तो हाडाला धरून कसा राहील हा उरलेला अर्धा, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पुढची सव्वाशे वर्षं लोक त्याच दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाशी झटत बसलेत.

हस्तिदंतावरून आठवलं. ह्या सगळ्या कथेत दात सारखा मध्ये येतो. आधी मला तो योगायोग वाटला होता. पण बघा कसं ते.

१९३० च्या दशकात अमेरिकेत दाताच्या कामासाठी व्हायटॅलियम नावाचा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू निघाला. तोंडात राहूनही गंजत नाही, हाच त्याचा गुण. बोस्टनचे स्मिथ-पीटरसन खुब्याच्या सांध्यात बसवायला वाटी करत होते. काचेची केली, ती फुटायची. इतर पदार्थ झाले. शेवटी त्यांच्या स्वतःच्या दातांच्या डॉक्टरने सुचवलं की आमचा हा धातू वापरून बघा. १९३८ पासून ती वाटी व्हायटॅलियमची झाली. पुढे गुडघ्यातही तो आला. टोरंटोचे मॅकिंटॉश यांनी झिजलेल्या बाजूला नडगीच्या हाडावर फक्त एक चकती सरकवायला सुरुवात केली, त्याबद्दल १९५८ साली लिहिलं. अमेरिकेत मॅककीव्हर यांनीही तसंच केलं, त्यांच्या चकतीला खाली होडीच्या तळासारखा उभा पाता होता, तो हाडात रुतायचा. ह्यांत सिमेंट नव्हतं. गुडघ्याचे दोरखंड, म्हणजे लिगामेंट, ताणलेले असतात, त्या ताणाने चकती दाबून धरली जायची. म्हणजे अर्ध्या गुडघ्याची गोष्ट सुरू झाली ती बिनसिमेंटचीच. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. मी समजत होतो सिमेंट जुनं आणि बिनसिमेंट ही नवी फॅशन!

आता सिमेंट. हे आपलं पोर्टलंड सिमेंट नव्हे, हे सांगायला हवं, कारण आमच्या मावशीने मला खरंच विचारलं होतं की त्याला पाणी मारावं लागतं का. हे ॲक्रिलिक आहे, पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. हेच काचेसारखं ओतलं की प्लेक्सिग्लास, विमानाच्या खिडक्यांचं. १९३० च्या दशकात जर्मनीत कुल्झर कंपनीला असं आढळलं की ह्या प्लॅस्टिकची पूड आणि त्याचाच द्रव यांची कणीक मळली आणि तापवली की ती घट्ट होते. कशासाठी वापरली? कवळीसाठी. मग १९४० च्या दशकात न तापवता आपोआप घट्ट होईल अशी रसायनं सापडली. दाताची कामं आणखी सोपी झाली.

इंग्लंडात जॉन चार्नली खुब्याच्या सांध्यावर काम करत होते. मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा ठोकून बसवला तरी तो काही काळाने हलायचा. मँचेस्टरच्या दंतवैद्यक शाळेत पदार्थांचा अभ्यास करणारे डेनिस स्मिथ होते, त्यांच्याशी बोलून चार्नलींनी कवळीचं ॲक्रिलिक घेतलं. १९५८ साली पहिल्यांदा वापरलं, १९६० साली त्यावर निबंध लिहिला. सुरुवातीचं ते सिमेंट गुलाबी होतं, हिरडीच्या रंगाचं, कारण ते होतंच कवळीचं. कल्पना करा, मांडीच्या हाडाच्या आत गुलाबी हिरडी!

चार्नलींची जी गोष्ट मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात पटली ती अशी. त्यांनी बजावून सांगितलं की हे सिमेंट गोंद नाही, हे ग्राऊट आहे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गोंद पृष्ठभागाला चिकटून धरतो. ग्राऊट चिकटत नाही, तो सगळ्या खाचाखोचांत जाऊन बसतो आणि भार मोठ्या क्षेत्रावर वाटून टाकतो. आम्ही पंपाच्या पायाखाली ग्राऊट भरायचो तो मशीन जमिनीला चिकटवायला नव्हे, मशीनचं वजन चार टोकांवर न येता सगळ्या तळावर यावं म्हणून. हाडाचा आतला भाग स्पंजसारखा असतो. मऊ कणीक त्यात दाबली की ती छिद्रांत शिरते आणि दहा-पंधरा मिनिटांत दगड होते. घट्ट होताना तापते सुद्धा, आपल्या काँक्रीटसारखीच. (आम्ही धरणाच्या काँक्रीटमध्ये बर्फ घालायचो, सर्जनला ती सोय नाही.) त्यात एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून बेरियमसारखा क्षार घालतात. हॅम्बुर्गच्या बुखहोल्त्स यांनी पुढे त्यात अँटिबायोटिकच कालवलं, म्हणजे जंतूंचाही बंदोबस्त.

चार्नलींच्या चुकाही मोठ्या होत्या. आधी त्यांनी खुब्याची वाटी टेफ्लॉनची केली. तीनशेच्या आसपास लोकांना बसवली. टेफ्लॉन झिजून त्याचा भुगा झाला आणि त्या भुग्याने आजूबाजूचं सगळं खराब केलं. ते सांधे त्यांना स्वतःला पुन्हा उघडावे लागले. टेफ्लॉनचा परिणाम बघायला त्यांनी तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला होता. १९६२ पासून पॉलिथिलीन आलं आणि गाडी रुळावर आली. हे एवढं सांगितलं कारण तो भुगा पुढे परत येणार आहे.

चार्नलींच्या राइटिंग्टन हॉस्पिटलात कॅनडातून फ्रँक गन्स्टन आले. डॉक्टर होते आणि इंजिनिअरही. त्यांनी खुब्याचं शहाणपण गुडघ्यात आणलं. मांडीच्या हाडाच्या प्रत्येक बाजूला धातूची अर्धगोल धाव, नडगीच्या हाडावर पॉलिथिलीनचा रूळ, आणि सगळं ॲक्रिलिक सिमेंटमध्ये बसवलेलं. १९६८ साली पहिलं ऑपरेशन, १९७१ साली निबंध. दोन बाजू वेगवेगळ्या असल्यामुळे एकच बाजू बदलायचा रस्ता आपोआप मोकळा झाला. लॉस एंजलिसच्या मार्मर यांचा १९७२ सालचा गुडघा त्याच रस्त्यावरचा. पण त्यातलं सगळ्यात पातळ प्लॅस्टिक सहा मिलिमीटरचं होतं, ते दबून वाकायचं आणि खालची पकड सुटायची. सिमेंटला नावं ठेवली गेली. दोष खरं तर वरच्या पातळ प्लॅस्टिकचा होता. बांधकामात असं रोज होतं, स्लॅब गळतो आणि शिव्या रंगाऱ्याला.

मग ऑक्सफर्ड. ताईच्या गुडघ्यात आहे तो हाच. जॉन गुडफेलो सर्जन आणि जॉन ओकॉनर इंजिनिअर, दोघे जॉन. त्यांनी निसर्गाकडे नीट पाहिलं. आपल्या गुडघ्यात दोन हाडांमध्ये कुर्चेची गादी असते आणि ती हालचालीबरोबर पुढे-मागे सरकते. त्यांनीही तसंच केलं. वर धातूचा गोल, खाली धातूची सपाट पट्टी आणि मध्ये प्लॅस्टिकची सुटी गादी. कशालाच न चिकटवलेली! पहिल्यांदा १९७६ साली वापरली, तेव्हा दोन्ही बाजूंना. १९८२ पासून फक्त एका बाजूला, मुख्यतः आतल्या. १९९८ साली लहान छेदातून करायची पद्धत आली.

सुट्या गादीचा फायदा काय ते सांगतो, कारण सिमेंट-बिनसिमेंटच्या वादाची किल्ली इथे आहे. गादी सरकते म्हणून खालच्या पट्टीला आडवा रेटा फारसा बसत नाही, बहुतेक भार उभा, दाबाचा. दाब म्हणजे बसवलेली वस्तू आणखी बसते. आडवा रेटा म्हणजे ती उचकटते. दगडी कमान चुन्याशिवायही उभी राहते ती ह्याच कारणाने.

आता त्या रेघेकडे येतो. ऑक्सफर्डच्या पट्ट्यांखाली सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये अशी बारीक काळी रेघ पुष्कळ लोकांत दिसते, हे तिथल्या लोकांच्या लवकरच लक्षात आलं होतं. १९८४ सालीच तिबरेवाल, ग्रँट आणि गुडफेलो यांचा ह्याच रेघेवर निबंध आहे. म्हणजे आम्ही खिडकीशी उभे राहून घाबरत होतो त्याच्या चौतीस वर्षं आधी! रेघ दोन प्रकारची. एक असते ती दोन मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची, सरळ, तिच्या खाली हाडाची पांढरी किनार असते, आणि वर्षानुवर्षं ती तशीच राहते. ती सैल झाल्याची खूण नव्हे. तिथे हाड आणि सिमेंट यांच्यामध्ये कुर्चेसारखा मऊ पदर तयार झालेला असतो, आणि त्यावर माणूस आनंदाने चालतो. दुसरी असते ती जाड, वेडीवाकडी, किनार नसलेली आणि वाढत जाणारी. ती वाईट. शिवाय पहिल्या प्रकारची रेघ दिसायलाही एक्स-रेचा किरण पट्टीला बरोबर समांतर जावा लागतो. जरा तिरका गेला की रेघ गायब. म्हणजे एका वर्षी दिसली नाही आणि पुढच्या वर्षी दिसली, एवढ्यावरून ती नवी म्हणता येत नाही.

ताईच्या डॉक्टरने जुन्या फिल्मा काढल्या. रेघ २०१३ सालीही होती. तेवढीच. दुखत होतं ते सांध्याच्या खाली, जिथे मांडीचे स्नायू नडगीच्या आतल्या बाजूला येऊन चिकटतात, तिथल्या पिशवीला सूज होती. लग्नाच्या धावपळीत जिने चढून-उतरून आलेली. व्यायाम दिले. चार महिन्यांत ताई बाजारातून पिशव्या आणायला लागली. मी भरलेले आगाऊ पैसे हॉस्पिटलने परत केले, निम्मे. उरलेल्यांचा मी विषय काढत नाही, ताईही काढत नाही. पण एक चांगला गुडघा मी उघडायला लावत होतो हे काही विसरता येत नाही. तिचा फोन आला त्या दिवशी मी "बरं झालं" एवढंच म्हणालो आणि गच्चीवर जाऊन बसलो.

आणि मग वाचायला लागलो. प्रश्न साधा होता. रेघच नको असेल तर?

त्याचं उत्तर पुन्हा दाताकडून आलं! स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमाराला सशाच्या हाडात रक्ताभिसरण कसं चालतं ते बघत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवलेली. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेना. हाड तिला थेट जाऊन भिडलं होतं, मध्ये कसलाही पदर नाही. दुसऱ्या कुणी वैतागून हाड तोडलं असतं, ब्रोनेमार्कनी त्याचा विचार केला आणि १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळं बसवली. आज आपण गल्लोगल्ली ज्या डेंटल इम्प्लांटच्या पाट्या बघतो, ते हे. त्यानंतर हाडाच्या खनिजाचाच, म्हणजे हायड्रॉक्सिॲपेटाइटचा, पातळ थर धातूवर फवारायची युक्ती आली. लंडनच्या फर्लाँग यांनी १९८५ साली असा खुबा बसवला. हाडाला ते आपलंच वाटतं आणि ते वाढून त्यात शिरतं.

पण १९८० च्या दशकात बिनसिमेंटवाल्यांनी जो उत्साह दाखवला त्यात एक गफलत होती. सांध्याभोवतालचं हाड पोखरलं जातंय हे दिसायला लागलं होतं. १९८७ साली जोन्स आणि हंगरफर्ड यांनी त्याला नावच दिलं, सिमेंट डिसीज. सिमेंट हा रोग! मग सिमेंट काढा, छिद्राळ धातू बसवा, अशी लाट आली. पण सिमेंट नसलेल्या सांध्यांतही हाड तसंच पोखरलेलं निघालं. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा पॉलिथिलीनचा भुगा होता, चार्नलींच्या टेफ्लॉनचा धाकटा भाऊ. त्या काळातल्या काही बिनसिमेंट अर्ध्या गुडघ्यांचे निकालही वाईट आले. त्यांत प्लॅस्टिक पट्टीला पक्कं बसवलेलं असायचं, त्यामुळे आडवा रेटा थेट हाडापर्यंत जायचा, आणि हाडाला भिडायला जी निवांत आठवडे-महिने लागतात ती मिळायची नाहीत. क्युरिंग होण्याआधीच फॉर्मवर्क काढल्यासारखं.

म्हणून सुट्या गादीच्या गुडघ्यावर हा प्रयोग व्हायला हवा होता. तो झाला. २००४ पासून ऑक्सफर्डचा बिनसिमेंट प्रकार माणसांत वापरात आला. आकार तोच. खाली छिद्राळ टायटॅनियम आणि त्यावर हायड्रॉक्सिॲपेटाइट. वरच्या गोलाला एकाऐवजी दोन खुंट्या. आणि खालच्या पात्यासाठी हाडात जी खाच पाडायची ती पात्यापेक्षा किंचित अरुंद, म्हणजे पाता ठोकून घट्ट बसतो. मग पंडित, मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६२ गुडघ्यांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली आणि २००९ साली वर्षभराचे निकाल दिले. सिमेंटच्या गटात ७५ टक्के पट्ट्यांखाली रेघ, काहींत अर्धवट, काहींत पूर्ण. बिनसिमेंटच्या गटात फक्त ७ टक्के, तीही अर्धवट, पूर्ण एकही नाही. चालणं, दुखणं, वाकणं मात्र दोन्ही गटांत सारखंच! मला हे वाक्य परत परत वाचावंसं वाटलं. रेघ असलेले आणि नसलेले सारखेच चालतात.

मग फरक कुठे पडतो? इंग्लंडात २००३ पासून बसवलेल्या प्रत्येक सांध्याची राष्ट्रीय नोंद ठेवतात. (आपल्याकडे पुलांची ठेवली तरी पुष्कळ.) तिच्यातून शक्य तितक्या सारख्या रुग्णांच्या सात हजारांहून जास्त जोड्या लावून २०२० साली तुलना केली गेली. दहा वर्षांनी बिनसिमेंट गुडघे ९३ टक्के शाबूत, सिमेंटचे ९० टक्के. सैल झालं म्हणून पुन्हा उघडण्याचं प्रमाण बिनसिमेंटमध्ये निम्म्याहून कमी. नीट कारण न कळलेल्या दुखण्यासाठी उघडण्याचंही कमी. ह्या दुसऱ्या आकड्यात मला ताई दिसते. दुखतंय, रेघ दिसतेय, मग उघडा. रेघच नसेल तर डॉक्टरचा आणि धाकट्या भावाचा हात जरा थांबतो. शिवाय सिमेंटचे बारीक तुकडे सांध्याच्या मागे राहून टोचायचा प्रश्न नाही, आणि सिमेंट घट्ट होईपर्यंत वाट बघायची नाही म्हणून वेळही थोडा वाचतो.

एका बाबतीत मात्र उलटं. पट्टीखालचं हाड फुटण्याचं प्रमाण बिनसिमेंटमध्ये जास्त. दोन्हीकडे ते अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे, पण जास्त. कारण उघड आहे, अरुंद खाचेत पाता ठोकला की हाडाला पाचरीसारखा ताण बसतो. लाकडात खिळा कडेला मारला की लाकूड चिरतं ना, तसं. आणि हाड लहान असेल तर पाता कडेच्या जवळच येतो. जपानमध्ये हिरानाका आणि मंडळींनी हेच दाखवलं, नडगीचं हाड अगदी लहान असलेल्या किंवा त्याचा वरचा भाग आतल्या बाजूला जास्त झुकलेल्या बायकांत ते फुटण्याचा धोका वाढतो.

२०२२ साली ताईच्या डाव्या गुडघ्याची वेळ आली तोवर मी पक्का बिनसिमेंटवाला झालो होतो. नव्या धर्मात आलेल्या माणसासारखा. आकडे काढून मेल केली, वर लिहिलं, "ह्या वेळी सिमेंट घेऊ नकोस." डॉक्टरने दोन्ही पर्याय तिला समजावले. मग तिचं हाड मोजलं. ताई चार फूट दहा इंच, आमच्या आजीवर गेलेली. पट्टी सगळ्यात लहान मापांतली लागणार होती, पात्यापासून हाडाच्या मागच्या कडेपर्यंत अंतर थोडं, आणि हाडाची घनताही बेताची. तो म्हणाला, "माझ्या बहुतेक पेशंटना मी आता बिनसिमेंट बसवतो, तुम्हाला सिमेंट बसवीन."

ताईने मला फोन केला. मी म्हणालो, "अगं पण ९३ आणि ९०..."

"ते सात हजारांचं झालं," ती म्हणाली. "माझं हाड बघितलंस का तू?"

नव्हतं बघितलं. मी ह्या खेपेला गप्प बसलो. चार वर्षांपूर्वीची गच्ची आठवली.

डावा गुडघा उत्तम आहे. ती हायस्ट्रीटपर्यंत चालत जाते, गणपतीला खुर्चीवर बसून का होईना एकवीस मोदक वळते. वर्षभराने एक्स-रे झाला, त्याचा फोटो तिने मला पाठवला. पट्टीखाली बारीक, सरळ, खाली पांढरी किनार असलेली रेघ. मी मोठी करून पाहिली आणि नुसता अंगठा पाठवला.

गेल्या डिसेंबरात ती आली तेव्हा तिच्या बॅगेत दोन्ही गुडघ्यांच्या फिल्मांचं एक मोठं पाकीट होतं. इकडे काही झालं आणि डॉक्टरकडे जावं लागलं तर असू दे म्हणून. पाकिटावर जाड मार्करने, आधी मराठीत आणि खाली इंग्रजीत, तिने स्वतःच्या गोल अक्षरात लिहिलंय: "रेघ आहे. जुनी आहे. उघडू नये." आणि त्याखाली तिच्या डॉक्टरचा फोन नंबर. माझा नाही.